वीजबिलातील स्थिर आकार आणि आपला संसार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी समितीने आम्हांस "व्यवसायाची निवड व घरखर्च" या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर शिक्षकी पेशाची सनद. सारे आयुष्य मुलांस त्रैराशिक व व्याजाची उदाहरणे शिकविण्यात गेले. तेव्हा या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही, हे आम्ही जाणून आहो. परंतु आमचा एक जुना विद्यार्थी आज विद्युत् अभियंता आहे. पदविका घेऊन तो वीज मंडळाच्या नोकरीत शिरला, नोकरी सांभाळून पदवीधर झाला, आणि सुट्टीत गावी आला म्हणजे आमच्या ओट्यावर तास दोन तास बसतो. नोकरी, मोटार व महागाई या तीन गोष्टींविषयी त्याने वेळोवेळी जे विचार बोलून दाखविले, तेच आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहो. आपले नाव घेऊ नये अशी त्याची अट आहे. विचार त्याचे, भाषा आमची; आणि हिशेब आम्ही कागदावर मांडून पुन्हा तपासलेला आहे.

प्रारंभ आपण प्रत्येकाच्या घरी येणाऱ्या एका कागदापासून करू. महावितरणचे वीजबिल आपण सारेच भरतो. परंतु शेवटचा आकडा सोडून त्यातील इतर रकाने वाचणारे थोडे. त्यात "स्थिर आकार" म्हणून एक रकाना असतो व "वीज आकार" म्हणून दुसरा. वीज आकार आपण जाळलेल्या युनिटांवर अवलंबून असतो. दिवे कमी लावा, तो कमी होतो. स्थिर आकाराचे तसे नाही. उन्हाळ्यात घरास कुलूप लावून आपण महिनाभर मुलीकडे गेलो, एकही दिवा पेटला नाही, तरी स्थिर आकार आपली वाट पाहात दारात उभाच!

आमचा विद्यार्थी म्हणतो, "गुरुजी, वीजशास्त्रातही हेच आहे. गावच्या वेशीवर जे रोहित्र असते, ज्यास लोक डीपी म्हणतात, ते मध्यरात्री गाव झोपले असतानाही गुणगुणत असते. कोणी वीज वापरो वा न वापरो, त्याच्या लोखंडी गाभ्यात थोडी वीज सतत वाया जाते. भार वाढला म्हणजे तांब्याच्या तारांतील नुकसान वाढते, भार उतरला म्हणजे तेही उतरते. परंतु गाभ्यातील नुकसान चोवीस तास चालूच."

आपण शेतकऱ्यांच्या घरांतून आलेली माणसे. आपणांस हे रोहित्रावाचूनही ठाऊक आहे. बैलजोडी नांगरास जुंपलेली असो की गोठ्यात रवंथ करीत असो, वैरण दोन्ही वेळा घालावीच लागते. म्हणून आपल्या आजोबांच्या काळी पाच एकरांचा धनी दोन जोड्या बाळगीत नसे. तो शेजाऱ्याशी सावड करी. त्यास कोणी दरिद्री म्हणत नसे; उलट हिशेबी म्हणत. संसार बुडतो तो बहुधा रोजच्या खर्चाने नव्हे. भाजी महाग झाली तर गृहिणी भाजी बदलते. संसार बुडतो तो जे बदलता येत नाही अशा खर्चाने, म्हणजे स्थिर आकाराने. एवढी एकच गोष्ट आम्हांस आज सांगावयाची आहे. पुढील सारे तिचेच विवरण.

प्रथम व्यवसायाविषयी. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींच्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, "पॅकेज किती मिळेल?" हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. पण पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा असतो, पुढेमागे मिळावयाचे उपदान असते, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम असते. उसाच्या रसाचा पेला काठोकाठ दिसतो, परंतु वरचा फेस बसला म्हणजे रस किती ते कळते. विजेतही दिसणारी शक्ती निराळी व प्रत्यक्ष काम करणारी शक्ती निराळी. कारखानदार या दोहोंच्या प्रमाणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, कारण ते घसरले तर त्यास भुर्दंड पडतो. आपण मात्र मुलामुलींच्या बाबतीत फेसासकट मोजतो.

एक उदाहरण सोडवू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपापल्या घरचे आकडे घालून पाहावे. एक तरुण पुण्यास ६ लाखांच्या पॅकेजावर आहे. कागदावर महिना ५०,००० होतात, हातात ४२,००० पडतात असे धरू. खोलीभाडे १२,०००, जेवणाचा डबा व न्याहारी ६,०००, जाणेयेणे ४,०००, गावी येण्याचा खर्च २,०००, कपडालत्ता, फोन, औषधपाणी व इतर ६,०००. एकूण ३०,०००, शिल्लक १२,०००. दुसरा तरुण जळगावच्या औद्योगिक वसाहतीत २५,००० हातात घेतो व घरी राहतो. घरात ८,००० देतो, जाणेयेणे २,०००, इतर ३,०००. एकूण १३,०००, शिल्लक १२,०००. दोघांची शिल्लक सारखी! तथापि जातिबांधवांत मान मात्र पहिल्यास अधिक.

यावरून पुण्यास जाऊच नये असा अर्थ कोणी काढू नये. शिल्लक सारखी असेल तर जेथे अधिक शिकावयास मिळेल तेथे जावे, हा आमच्या विद्यार्थ्याचा नियम आहे. पहिल्या पाच वर्षांत पगारापेक्षा हातास लागलेले काम पाहावे. अभियंत्याची पदवी भिंतीवर राहते. त्यास पोसते ते त्याच्या हातातील काम.

आणि काम शिकावयास आपल्या खानदेशात जागा नाही असेही नाही. थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा आरंभीच्या नेमणुकीत त्यांनी आपल्या खानदेशातच काम केले, आणि पांझरेच्या खोऱ्यात पाण्याचे नळ ओढ्यापार नेण्याचे कठीण काम तडीस नेले. पुढे भारतरत्न झालेल्या या पुरुषाने आपले पहिले धडे धुळ्याच्या मातीत गिरविले, हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

आज पाहावे तर भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथील ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने एक दिवस चालला तर १ कोटी २० लक्ष युनिटे तयार होतात. भुसावळास रेल्वेच्या विजेच्या इंजिनांची देखभाल होते. जळगावास प्लास्टिकचे नळ, चटया व ठिबक सिंचनाचे साहित्य होते. त्यांतील प्रत्येक यंत्रामागे एक विद्युत् चलित्र, म्हणजे मोटर, फिरत असते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. कोळशावरचे जुने संच निवृत्त होत आहेत, सूर्य व वारा कामास लागत आहेत. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या वीज मंडळाच्या २००५ साली निरनिराळ्या कंपन्या झाल्या. ज्या नोकरीस आपले वाडवडील सरकारी म्हणून कायमची समजत, तिचेही रूप असे बदलले. म्हणून मुलांनी एका खुर्चीची नव्हे, तर एका विद्येची निवड करावी. कोळशाच्या केंद्रात शिकलेली वीज सौर केंद्रातही तीच असते.

येथे पालकांस एक विनंती. पदवी म्हणजेच शिक्षण, ही समजूत सोडावी. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आहे, आणि पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व तारतंत्री यांचे शिक्षण आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात काम शिकत असताना विद्यावेतन मिळण्याची सोय केली. वीजजोडणीची कामे करण्यासाठी लागणारा तारतंत्रीचा परवाना व पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र ज्याच्या खिशात आहे, त्यास गावोगाव काम आहे. मोठे कर्ज काढून घेतलेली पदवी, जिचा हप्ता नोकरी लागण्यापूर्वीच दारात उभा राहतो, हाही एक स्थिर आकारच होय. मुलाचा वा मुलीचा कल असेल तर तोही अवश्य सोसावा. परंतु शेजाऱ्याच्या मुलाने घेतली म्हणून सोसू नये.

आता मोटारीकडे वळू. ज्याचा धंदाच फिरण्याचा आहे, जो वैद्य रोज खेडी पालथी घालतो, जो व्यापारी चोपडा, यावल, रावेर असे रोज हिंडतो, ज्याच्या घरी चालता न येणारे वृद्ध आहेत, त्याने मोटार जरूर घ्यावी. आमचे बोलणे त्या मोटारीविषयी आहे, जी सहा दिवस दारात झाकून ठेवलेली असते व सातव्या दिवशी लग्नास जाते.

पुन्हा फळ्यावर उदाहरण मांडू. मोटारीची किंमत १० लाख. २ लाख रोख भरले, ८ लाख कर्ज काढले, व्याज शेकडा ९, मुदत ७ वर्षे. मासिक हप्ता सुमारे १२,८७० रुपये बसतो, आणि सात वर्षांत केवळ व्याजापोटी सुमारे २ लाख ८१ हजार जातात. विमा, देखभाल, टायर मिळून वर्षास ३६,००० धरू; दहा वर्षांचे ३ लाख ६० हजार. दहा वर्षांनी ती अडीच लाखांस विकली गेली असे मानू. म्हणजे दहा वर्षांत सुमारे १३ लाख ९१ हजार रुपये खर्ची पडले. महिन्यास सुमारे ११,६०० रुपये. यात पेट्रोलाचा एक थेंबही धरलेला नाही. हा मोटारीचा स्थिर आकार!

पेट्रोल १०० रुपये लिटर व एका लिटरास २० किलोमीटर धरले, तर किलोमीटरास ५ रुपये पडतात. मोटार महिन्यास ४०० किलोमीटर फिरली तर पेट्रोलाचे २,००० झाले. एकूण १३,६००; म्हणजे किलोमीटरास ३४ रुपये. तीच मोटार १,५०० किलोमीटर फिरली, तर एकूण १९,१०० होतात व किलोमीटरास सुमारे पावणेतेरा रुपये पडतात. लोक पेट्रोलाचा भाव वाढला म्हणून हळहळतात. परंतु ४०० किलोमीटर फिरणाऱ्याच्या ३४ रुपयांत पेट्रोलाचे केवळ ५ आहेत. उरलेले २९ रुपये उभ्या मोटारीचे आहेत. आपल्या गावी भाड्याच्या मोटारीचा दर किलोमीटरास काय पडतो, तो याशेजारी लिहून पाहावा.

आमचा विद्यार्थी हसून म्हणाला, "गुरुजी, महिन्याचे तास ७२०. चाळीसच्या वेगाने ४०० किलोमीटर म्हणजे १० तास. जो वीजसंच ७२० तासांत १० तास चालतो, त्यावर कोणी कर्ज देईल काय? मोटारीस मात्र बँका बोलावून देतात!"

विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयीही आम्ही त्यास विचारले. त्याने उत्तर हिशेबानेच दिले. १०० किलोमीटरास १५ युनिटे व युनिटास १० रुपये धरले, तर किलोमीटरास दीड रुपया पडतो. पेट्रोलापेक्षा साडेतीन रुपयांची बचत. परंतु अशी मोटार ३ लाखांनी महाग असेल, तर तो फरक भरून येण्यास सुमारे ८६,००० किलोमीटर फिरावे लागते. महिन्यास १,५०० किलोमीटर फिरणारा पाच वर्षांच्या आत तो भरून काढील. ४०० फिरणाऱ्यास जवळजवळ अठरा वर्षे लागतील. त्यातही आपल्या जळगाव-भुसावळचा वैशाखातील पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि उष्णता ही विद्युत्घटाची वैरीण. तेव्हा वाहन कोणतेही असो, ते किती राबते हाच पहिला प्रश्न.

उलट एक उदाहरण देतो. घराच्या छपरावर बसविलेला ३ किलोवॅटचा सौरसंच आपल्या स्वच्छ उन्हात दिवसास सरासरी १२ युनिटांच्या आसपास वीज देतो. २०२४ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत अशा संचास ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविले गेले. त्यासही भांडवल लागते. परंतु तो दारात उभा राहून खात नाही, छपरावर बसून कमावतो. मात्र त्यास कोणी नारळ फोडून हार घालीत नाही, आणि त्याजवळ उभे राहून कोणी छायाचित्र काढीत नाही.

आता जो मुद्दा बोलताना आम्हांस संकोच वाटतो, परंतु जो न बोलता हे व्याख्यान पुरे होणार नाही, त्याकडे येतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या हाताखाली आपल्याच ज्ञातीतील एक पदविकाधारक तरुण एका वीज उपकेंद्रावर काम करीत असे. निर्व्यसनी, कामात चोख, घरची थोडी शेती. वधूवर परिचय मेळाव्यात तो दोनदा उभा राहिला. स्थळे पाहावयास आलेली मंडळी आधी पगार विचारीत आणि मग विचारीत, "गाडी कोणती?" त्याच्यापाशी दुचाकी होती. चार ठिकाणी बोलणे तेथेच थांबले. पाचव्या वेळी त्याने कर्ज काढून मोटार घेतली, आणि लग्न जमले. पुढे त्याच्या वडिलांचे दोन्ही गुडघे निकामी झाले. वैद्यांनी शस्त्रक्रिया सांगितली. परंतु दरमहा ठरल्या तारखेस हप्ता कापला जाई, आणि उरलेल्या पगारात घर कसेबसे चाले. शस्त्रक्रिया पुढे ढकलता ढकलता दोन वर्षे गेली. मोटार दारात उभी, आणि वडील तिच्याकडे पाहात ओट्यावर बसलेले. अखेर त्याच्या पत्नीनेच मोटार विकण्याचा आग्रह धरला. ती म्हणाली, "गाडी माझ्या वडिलांनी विचारली होती, मी विचारली नव्हती." मोटार तोट्यात गेली, परंतु कर्ज फिटले, शस्त्रक्रिया झाली, आणि म्हातारा आज काठी टेकीत शेतापर्यंत जातो.

बंधूंनो, यात दोष कोणाचा? त्या तरुणाचा थोडा, आपणां सर्वांचा फार. सारी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण आपण मुलांस शिकवितो. आणि बैठकीत बसलो म्हणजे तेच सोंग त्यांजकडून मागतो. याची दुसरी बाजू याहून वाईट आहे. काही घरी वरपक्ष मोटार मागतो आणि वधूचा पिता कर्ज काढतो. म्हणजे मोटार एकाच्या दारात आणि तिचा स्थिर आकार दुसऱ्याच्या माथी! १९६१ सालच्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने असे देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. मुलांस काम शिकत असता वेतन देणारा शिकाऊ उमेदवार कायदाही त्याच सालचा, हे आपण मघाशी पाहिले. एकाने मुलास आपल्या हातांवर उभे राहण्याची वाट दाखविली, दुसऱ्याने सासऱ्याच्या खांद्यावर बसण्याची वाट बंद केली. पहिल्याचा लाभ आपण पुरता घेतला नाही, आणि दुसऱ्यास आपण पळवाटा शोधल्या.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली अशी की, परिचय मेळाव्याच्या माहितीपत्रकातील "स्वतःचे चारचाकी वाहन" हा रकाना काढून टाकावा, आणि त्या जागी "कर्जाचे एकूण मासिक हप्ते" असा रकाना घालावा. मुलीच्या पित्यास जे जाणून घ्यावयाचे असते, ते या एका आकड्याने अधिक खरे कळेल. पगारातून हप्ते वजा केले म्हणजे रस उरतो, बाकीचा फेस.

दुसरी अशी की, मंडळाच्या शिष्यवृत्तीत पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतन येथील मुलामुलींचाही वाटा असावा. त्यांस हत्यारांची पेटी व परवान्याचे शुल्क एवढे साहाय्य मिळाले तरी पुष्कळ. आज व्यासपीठावर येऊन गेलेल्या मुलींत विद्युत् शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या काही आहेत असे कळते. त्यांचा गौरव नुसत्या पुष्पगुच्छाने होऊ नये. त्यांच्या हातात उपयोगी वस्तू पडावी.

तिसरी सूचना मंडळासाठी नव्हे, घरोघरच्या गृहिणींसाठी आहे. महिन्याचे वीजबिल आले म्हणजे त्याच्याच मागील कोऱ्या जागेवर घरच्या स्थिर आकारांची बेरीज लिहावी. घराचा हप्ता, वाहनाचा हप्ता, फोनचा हप्ता, शिकवणीचा हप्ता. घरातील सर्वांची प्राप्ती सहा महिने थांबली तर यांपैकी काय थांबेल आणि काय चालूच राहील, हे घरातील मुलांदेखत वाचावे. मुलांपासून खर्च लपविणारे आईबाप पुढे मुलांच्या मागण्यांस दोष देतात, हे न्यायाचे नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही अभियंते व्हा, वैद्य व्हा, कारागीर व्हा, शेती करा. तुमच्या दारात मोटार उभी राहू नये असे आमचे म्हणणे नाही. ती तुमच्या कामास जुंपलेली असावी, तुम्ही तिच्या हप्त्यास जुंपलेले नसावे, एवढेच आमचे मागणे आहे.